घरातली हवा : मोजायची कशी, सुधारायची कशी

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या भागात, म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, तीन तऱ्हांची घरे एकाच गल्लीत सापडतात. जाड मातीच्या भिंतींचे आणि छतात धूर बाहेर जाण्यासाठी सवणे ठेवलेले जुने माळवद, विटांच्या भिंतींवर पत्रे टाकलेले घर, आणि घरकुल योजनेतून किंवा हळद-सोयाबीनच्या पैशातून उभे राहिलेले स्लॅबचे घर. पहिल्यात चूल घरात असते, दुसऱ्यात ती बहुधा पडवीत येते. तिसऱ्यात ओट्यावर गॅस असतो आणि चूल मागच्या परसात, आंघोळीच्या पाण्यासाठी. तिन्ही घरांतली हवा वेगळी आहे. त्यामुळे ‘घरातली हवा कशी तपासावी आणि कशी सुधारावी’ या प्रश्नाला तिन्हींसाठी एकच उत्तर देता येत नाही.

या विषयावर गेली चाळीस-पन्नास वर्षे बरेच संशोधन झाले, योजना आल्या आणि गेल्या, मतभेदही झाले. मात्र ही चर्चा दोन कप्प्यांत विभागली गेली. ग्रामीण आरोग्याचे अभ्यासक चुलीच्या धुराबद्दल बोलत राहिले. शहरांत चर्चा झाली ती एअर प्युरिफायर, रंगांचा वास आणि बंद खोल्यांची. सिद्धेश्वर भागातल्या गावांत आता दोन्ही प्रश्न एकाच छपराखाली आले आहेत. म्हणून या लेखात दोन्हींचा एकत्र आढावा घेतला आहे. प्रश्न कसा पुढे आला, घरातल्या हवेत काय असते, ते कसे मोजतात, सुधारणेच्या कोणत्या भूमिका आहेत, आरोग्याचा पुरावा काय सांगतो आणि काय अजून ठरायचे आहे, या क्रमाने तो मांडतो.

पार्श्वभूमी

चुलीच्या धुराचा आणि आजाराचा संबंध भारतात प्रथम दवाखान्यात लक्षात आला. दिल्लीतल्या हृदयरोगतज्ज्ञ एस. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुफ्फुसाच्या जुनाट विकाराने हृदयाची उजवी बाजू निकामी झालेल्या रुग्णांची पाहणी होती. विडी-सिगारेट क्वचितच ओढणाऱ्या स्त्रियांतही हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसत होता. संशय साहजिकच स्वयंपाकघराकडे वळला.

प्रत्यक्ष मोजणी व्हायला आणखी दोन दशके लागली. अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ यांनी ए. एल. अग्रवाल आणि आर. एम. दवे यांच्यासह गुजरातमधल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवा खेचणारे पंप लावले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्वयंपाकाच्या वेळी एका घनमीटर हवेत सुमारे ७ मिलिग्रॅम कण आढळले. त्या काळच्या कोणत्याही शहरातल्या रस्त्यावरच्या हवेपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा होता. ‘प्रदूषण’ म्हटले की कारखान्याची चिमणी समोर येण्याच्या दिवसांत हा निष्कर्ष नवा होता.

त्याच सुमारास केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचा पहिला हेतू सरपण वाचवणे आणि जंगलतोड थांबवणे हा होता. धूर कमी होणे हा जोडीचा लाभ मानला गेला. तीन कोटींहून अधिक ‘निर्धूर’ चुली वाटल्याचा हिशेब देऊन हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. महाराष्ट्रात या कामाला तांत्रिक आधार देणाऱ्यांत आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली ‘आरती’, म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, ही संस्था ठळक होती. लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशा नावांच्या तिच्या चुली गावोगावच्या कुंभार कारागिरांकडून आणि महिलांकडून बांधून घेतल्या गेल्या.

२००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर जैवइंधनाच्या धुरात वावरणारे सुमारे तीनशे कोटी, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि सीओपीडी या दमछाक करणाऱ्या आजाराचे जगातले सर्वांत मोठे कारण हा धूर असू शकतो, असे मांडले. तोपर्यंत सीओपीडी हा विडी ओढणाऱ्या पुरुषांचा आजार समजला जात होता.

२०१६ मध्ये १ मे रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथून प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी मराठवाड्यातच, औरंगाबादच्या महिला मेळाव्यात, दिली गेली. २०२१ मध्ये दुसरा टप्पा आला. त्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या कागदाऐवजी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरले. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही तरतूद कामाची होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातली ५९.९ टक्के घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ७९.७ टक्क्यांवर गेले. मात्र पाहणीत विचारले जाते ते ‘मुख्य’ इंधन. मुख्य इंधन गॅस असलेल्या घरात रोज सकाळी पाणी तापवायला चूल पेटत असेल, तर ती या आकड्यात दिसत नाही.

घरातल्या हवेत काय असते

हिंगोली भागात चुलीत जाते ते शेतातूनच येते : कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरची बाभूळ आणि गोवऱ्या. पऱ्हाट्या-तुराट्या भुरूभुरू जळतात, त्यामुळे बाईला चुलीपुढून हलता येत नाही. गोवरी मंद जळते आणि धूर जास्त करते. पावसाळ्यात सरपण ओले होते आणि धूर वाढतो. अर्धवट ज्वलनातून सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड आणि कर्करोगाशी संबंध असलेली इतर संयुगे बाहेर पडतात. यांत सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा; ते फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचतात.

चुलीखेरीज लहान स्रोतही बरेच आहेत, आणि ते मोजणीत हमखास निसटतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मच्छर कॉईलची एक चकती पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ सोडते, असे दिसले. बंद खोलीत, उशाशी, रात्रभर जळणाऱ्या कॉईलचा विचार या आकड्यासह करायला हवा. कडुनिंबाच्या पाल्याची किंवा गोवरीची धुरी, उदबत्ती, धूप हे त्याच जातीचे स्रोत आहेत. मिश्री करणाऱ्या घरात तंबाखू चुलीवर भाजली जाते, तेव्हा धुरात तंबाखूचीही भर पडते. आणि बाळंतिणीची खोली : दारे-खिडक्या लावून, खाटेखाली शेगडी ठेवून, निखाऱ्यावर ओवा किंवा लसणाची साले टाकून दिलेला शेक आणि धुरी. नवजात बाळ आणि अशक्त आई या दोघांसाठी ती जागा घरातली सर्वांत धुराची असू शकते, आणि तीही दिवसच्या दिवस.

स्लॅबच्या घरात यादी बदलते. गॅसची ज्योत चुलीपेक्षा खूपच स्वच्छ असली, तरी ती नायट्रोजन डायऑक्साइड सोडते. मिरचीची फोडणी आणि तळण यांतून कण उडतात. प्लायवूड आणि नवे रंग वाफा सोडत राहतात. छत गळत असेल तर ओल आणि बुरशी येते. कपाशी-सोयाबीनवर फवारायची औषधे घरातच कोपऱ्यात ठेवली असतील, तर त्यांच्या वाफाही त्याच हवेत मिसळतात. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर हा वेगळाच धोका आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या राज्यात हिवाळ्यात अनेकदा आल्या आहेत.

पाश्चात्त्य देशांत घराच्या तपासणीत रेडॉन या किरणोत्सारी वायूला पहिले स्थान असते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली आहे. रेडॉन खडकातल्या युरेनियमपासून तयार होतो. हिंगोली जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर, वसला आहे आणि बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटच्या तुलनेत युरेनियम कमी असते. त्यामुळे तिकडच्या याद्या जशाच्या तशा उचलण्यापेक्षा इथे आधी धुराकडे पाहणे तर्काला धरून आहे.

मोजणीच्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

मोजणीची सर्वांत विश्वासार्ह पद्धत जुनीच आहे. ठरावीक वेगाने हवा खेचून ती गाळणकागदातून न्यायची आणि कागद आधी व नंतर प्रयोगशाळेत सूक्ष्म काट्यावर तोलायचा. ती महाग आहे, वेळखाऊ आहे आणि चोवीस तासांची एकच सरासरी देते. धूर नेमका कधी वाढला, हे तिच्यातून कळत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत काही हजार रुपयांत मिळणारी यंत्रे आली. कणांवर लेसर पाडून विखुरलेल्या प्रकाशावरून ती अंदाज बांधतात. मिनिटा-मिनिटाचा आलेख मिळतो, हे त्यांचे बलस्थान. पण त्यांचे गणित ठरावीक प्रकारच्या कणांवर बेतलेले असते. चुलीच्या धुरासाठी आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र जास्त आकडा दाखवते. शिवाय यांतले अनेक संवेदक घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅमपर्यंतच भरवशाचे असतात. चूल पेटवतानाचा धूर ती मर्यादा सहज ओलांडतो, आणि नेमक्या त्या वेळी आकडा फसवा ठरतो.

यंत्रावरचा आकडा वाचण्यातही गोंधळ होतो. बरीच यंत्रे अमेरिकी हवा-गुणवत्ता निर्देशांक दाखवतात. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय निर्देशांक १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’ गटाची वरची कड. अमेरिकी निर्देशांक मात्र १५० च्या पुढे जाऊन ‘अपायकारक’ म्हणतो. म्हणून निर्देशांकाऐवजी मूळ मायक्रोग्रॅमचा आकडा पाहावा, असा अभ्यासकांचा सल्ला असतो.

तुलना कशाशी करायची, यावरही एकमत नाही. भारताची २००९ ची मानके पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ४० आणि चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅम सांगतात, पण ती बाहेरच्या हवेसाठी आहेत; घरांच्या आतल्या हवेसाठी तशी बंधनकारक मर्यादा देशात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक पातळी वर्षाला ५ आणि चोवीस तासांना १५ इतकी खाली आणली. काही अभ्यासक ही पातळी भारतीय खेड्याला निरुपयोगी मानतात, कारण बाहेरचीच हवा तिच्यात बसत नाही. इतरांच्या मते आरोग्याचे मानक परिस्थितीनुसार सैल करता येत नाही. तोवर, ते म्हणतात, संघटनेनेच ठरवलेली ३५ मायक्रोग्रॅमची पहिली मधली पायरी गाठणे हे व्यवहार्य ध्येय ठेवावे.

यंत्र कुठे ठेवायचे, हाही तांत्रिक प्रश्न आहे. रूढ पद्धतीत ते चुलीपासून एक मीटरवर, जमिनीपासून १४५ सेंटिमीटर उंचीवर आणि दार-खिडकीपासून किमान दीड मीटर लांब टांगतात. ही उंची उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकाची आहे. भाकरी थापणारी बाई बसलेली असते, आणि धूर तर वर जाऊन छताखाली साचतो. तेव्हा ठरीव उंचीवरचा आकडा तिच्या श्वासातल्या हवेपेक्षा वेगळा असू शकतो. यावर उपाय म्हणजे यंत्र अंगावर बाळगायला देणे. पण दिवसभर रानात राबणाऱ्या बाईने ते वागवावे ही अपेक्षा सोपी नाही.

कार्बन मोनॉक्साइडसाठी स्वस्त आणि बऱ्यापैकी भरवशाचे संवेदक मिळतात. कार्बन डायऑक्साइडचा मापक खोलीत हवा खेळते की नाही, याचा अंदाज देतो. माणसांच्या श्वासाने हा वायू १००० पीपीएमच्या वर जात असेल तर खोली कोंदट आहे असे समजतात. मात्र खोलीत आग पेटलेली असेल तर हा निकष लावता येत नाही. सर्व वाफांचा मिळून एक आकडा दाखवणारे ‘टीव्हीओसी’ संवेदक फोडणी आणि सॅनिटायझर यांत फरक करू शकत नाहीत. त्यांवर विसंबून निर्णय घेऊ नये, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

सुधारणेच्या चार भूमिका

पहिली भूमिका : चूल सुधारा. लोकांकडे जे इंधन आहे तेच नीट जाळावे, असे ही बाजू म्हणते. पऱ्हाट्या फुकट मिळतात, गॅससाठी रोकड लागते. गरीब घराला परवडेल ते सुधारणेच महत्त्वाचे. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत ‘आरती’च्या चुली बसवण्याआधी आणि एक वर्षानंतर झालेली मोजणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. कण आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही कमी झाले होते. तरी उरलेला धूर सुरक्षित पातळीच्या वरच होता. ओडिशातल्या रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांच्या दीर्घ अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या वर्षी धूर घटला, पण पुढे फायदा ओसरला. चुली फुटल्या, धुराडी साफ केली गेली नाहीत, वापर घटला. या बाजूचे लोक म्हणतात की दोष देखभालीच्या व्यवस्थेचा होता, चुलीच्या कल्पनेचा नव्हे. टीकाकार म्हणतात की देखभाल होत नाही हाच तर निष्कर्ष आहे.

दुसरी भूमिका : इंधन बदला. गॅस, बायोगॅस किंवा वीज यांखेरीज हवा खऱ्या अर्थाने स्वच्छ होत नाही, असे ही बाजू मानते, आणि मोजणी तिच्या बाजूने आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचा ऊर्जा गट स्वयंपाकाच्या आधुनिक इंधनाकडे सार्वजनिक आरोग्याची बाब म्हणून पाहावे, असे मांडत आला आहे. अडचण आहे ती सातत्याची. उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांचा सरासरी वापर २०१९-२० मध्ये वर्षाला ३.०१ सिलिंडर होता. २०२३-२४ मध्ये तो ३.९५ झाला. सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या घराला याहून बरेच अधिक लागतात. २०२२ पासून सिलिंडरमागे २०० रुपये आणि २०२३ पासून ३०० रुपये अनुदान दिले गेले, त्याचा उपयोग झाला. पण शेतकरी घरात पैसा सोयाबीन विकल्यावर येतो आणि सिलिंडर बाराही महिने संपतो. पाणी तापवणे, जनावरांचा खुराक शिजवणे, चुलीवरच्या भाकरीची आवड ही कारणेही आहेतच. विजेवरच्या शेगडीला भारनियमन आड येते. बायोगॅसला गुरे आणि पाणी दोन्ही लागतात; धरणाच्या काठी पाणी असले तरी ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे होत चालले आहेत.

तिसरी भूमिका : घर सुधारा. तत्कालीन आंध्र प्रदेशच्या (आता तेलंगणातल्या) निजामाबाद, वरंगळ आणि रंगारेड्डी जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याच्या शेजारीच, कल्पना बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४२० घरांत केलेली मोजणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. श्वसनमार्गात जाणाऱ्या कणांची चोवीस तासांची सरासरी गॅसच्या घरांत ७३ मायक्रोग्रॅमपासून ते घन इंधनाच्या घरांत ७३२ मायक्रोग्रॅमपर्यंत गेली. इंधनाइतकाच स्वयंपाकघराच्या रचनेचाही परिणाम दिसला : खोली वेगळी की राहत्या घरातच, बंद की उघडी. या दृष्टीने माळवदाचे सवणे हे धूर बाहेर जाण्याचे साधे साधन होते. पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांत ते गेले. त्याच्या जागी समोरासमोर खिडक्या, छताजवळ जाळी किंवा धूर ओढणारा पंखा आलाच असे नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा अपेक्षित आहे. पण एवढ्या जागेत स्वयंपाक आणि झोप यांत फार अंतर राहत नाही. या भूमिकेची मर्यादा अशी की वायुवीजन धूर घराबाहेर काढते, गावाबाहेर नाही. एका घराचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीतून आत येतो.

चौथी भूमिका : हवा गाळा. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. यंत्र खोलीच्या मापाचे हवे. दहा बाय तेराच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ३७ घनमीटर हवा मावते. तासाला ती पाच वेळा गाळायची तर यंत्राची स्वच्छ हवा देण्याची क्षमता ताशी सुमारे १८५ घनमीटर हवी. दम्याच्या रुग्णाच्या बंद झोपण्याच्या खोलीत याचा उपयोग होतो, याबद्दल बऱ्यापैकी सहमती आहे. पेटत्या चुलीसमोर आणि सताड उघड्या दारांत मात्र तो होत नाही. कार्बन मोनॉक्साइड तर हेपातून सरळ पार जातो. घरातली झाडे हवा शुद्ध करतात हा समज १९८९ च्या ‘नासा’च्या प्रयोगातून पसरला, तो बंद पेटीतला प्रयोग होता. २०१९ मधल्या एका फेरआढाव्यानुसार घरात तोच परिणाम साधायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील.

आरोग्याचा पुरावा

राज्यवार आजारांच्या राष्ट्रीय अभ्यासानुसार २०१९ मध्ये घरगुती धुरामुळे भारतात सुमारे ६.१ लाख मृत्यू झाले, आणि १९९० पासून या कारणाने होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४.२ टक्क्यांनी घटला. म्हणजे संकट मोठे आहे आणि ओसरतेही आहे. पण धूर कमी केल्यावर आजार किती कमी होतो, हे चाचण्यांतून सिद्ध करणे अपेक्षेपेक्षा अवघड ठरले.

ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुलीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. बालकांच्या एकूण न्यूमोनियात निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाही. गंभीर न्यूमोनियात मात्र दिसली. मलावीतल्या मोठ्या चाचणीत सुधारित चुलीने बालकांच्या न्यूमोनियात फरक पडला नाही. मग ‘हापिन’ ही चाचणी भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत, ३२०० गर्भवतींच्या घरांत झाली. भारतातली घरे तमिळनाडूतली होती. एका गटाला शेगडी आणि गॅस फुकट, अखंड दिला गेला; तुलनेचा गट नेहमीच्या चुलीवरच राहिला. स्त्रियांच्या श्वासातले पीएम २.५ मध्यक मूल्याने तुलनेच्या गटात ७०.७, तर गॅसच्या गटात सुमारे २४ मायक्रोग्रॅम होते. तरीही बाळांच्या जन्मवजनात आणि पुढे गंभीर न्यूमोनियात दोन गटांत ठळक फरक आढळला नाही.

याचा अर्थ लावताना अभ्यासक विभागले जातात. काहींच्या मते गॅस गरोदरपणात उशिरा पोचला, शिवाय तुलनेच्या गटातला धूरही अपेक्षेपेक्षा कमी होता. काही जण बाहेरच्या हवेकडे बोट दाखवतात : स्वतःची चूल बंद झाली तरी गावाचा धूर राहतो. सीओपीडी आणि हृदयविकार घडायला दशके लागतात, ते दोन-तीन वर्षांच्या चाचणीत दिसणार नाहीत, असेही सांगितले जाते. उलट बाजूला, धूर आणि आजार यांचे गणिती नाते मुळात सिगारेट, शहरी हवा आणि चूल यांची माहिती एकत्र करून बांधले होते, तेच तपासायला हवे, असे म्हणणारेही आहेत. यांपैकी कोणतेच स्पष्टीकरण अजून निर्णायक ठरलेले नाही. डोळे चुरचुरणे थांबणे, भांडी काळी न होणे, सरपणाची वणवण वाचणे हे लाभ मात्र कोणी नाकारत नाही. ते आरोग्याच्या तक्त्यात बसत नाहीत एवढेच.

काय अजून ठरायचे आहे

पहिला मुद्दा : किती सुधारणा पुरेशी? धूर निम्मा झाला तर आजारही निम्मा होतो, की अगदी खालच्या पातळीला पोचल्यावरच खरा फायदा सुरू होतो? उपलब्ध माहिती दुसऱ्या शक्यतेकडे झुकते, पण वक्राचा नेमका आकार वादात आहे.

दुसरा : एक घर सुधारणे उपयोगी, की अख्खे गाव सुधारावे लागते? घरगुती ज्वलन पूर्ण थांबले तर देशाची बाहेरच्या हवेची सरासरीही राष्ट्रीय मानकात बसेल, असे २०१९ मधला एक अभ्यास सांगतो. हे खरे असेल तर एकेका घराला दिलेला उपाय त्या घरापुरता मोजणेच अपुरे आहे. दुसरीकडे, कापणीनंतर पेटवलेला पालापाचोळा, हळद शिजवण्याच्या भट्ट्या आणि रस्त्याची धूळ यांचा वाटा गावागणिक वेगळा असतो.

तिसरा : परसात गेलेल्या चुलीचे काय? उघड्यावर धूर पातळ होतो, पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे अंतर तेवढेच राहते. बहुतेक मोजणी स्वयंपाकघरात होते. परस तिच्यातून सुटते.

चौथा : मोजून दाखवल्याने वागणे बदलते का? आकडा पाहून घरे काही दिवस दक्ष राहतात, हे दिसते. तो परिणाम टिकतो का, आणि पर्याय हाताशी नसताना नुसता आकडा दाखवणे कितपत योग्य, हे दोन्ही प्रश्न खुले आहेत.

आजच्या घडीचा क्रम

मतभेद असले तरी व्यवहारातल्या क्रमाबद्दल चारही भूमिकांचे लोक बऱ्याच अंशी एकमत दाखवतात. आधी स्रोत हटवावा, मग हवा खेळती ठेवावी, आणि गाळणी शेवटी. सिद्धेश्वर भागातल्या घरासाठी याचा अर्थ असा लागतो : बाळंतिणीच्या बंद खोलीतून शेगडी आणि धुरी हलवणे, कॉईलऐवजी मच्छरदाणी, गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत. यांतल्या कशालाही यंत्र लागत नाही आणि खर्चही थोडाच. नंतर पाणी तापवण्याची सोय, कारण गॅस आल्यावरही चूल पेटती ठेवणारे मोठे कारण तेच आहे. सौर बंब किंवा विजेचा हीटर तिथे स्वयंपाकाच्या शेगडीइतकाच मोलाचा ठरतो. मग छताजवळची जाळी, धुराडे, समोरासमोर खिडक्या. पावसाळ्यासाठी कोरडे सरपण झाकून ठेवणे हेही याच पायरीत बसते. एवढे झाल्यावर घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याच्या खोलीपुरती गाळणी.

मोजणीला या क्रमात जागा आहे, पण ती आरंभी नव्हे. डोळ्यांना दिसणाऱ्या धुरासाठी यंत्राची गरज नसते. दिसत नाही त्यासाठी असते. म्हणून एका घराला एकच यंत्र परवडत असेल तर ते कार्बन मोनॉक्साइडचे असावे. कणांचे यंत्र गावाने मिळून घेतले, आरोग्य उपकेंद्रात ठेवले आणि आशाताईंनी ते पाळीपाळीने घरोघरी फिरवले, तर बदलाआधीची आणि नंतरची तुलना त्यातून चांगली कळते. तुलनेसाठी संवेदकाची अचूकता मध्यम असली तरी चालते.

संशोधनाच्या अंगाने पाहिले तर हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून पुढची उपयुक्त भर पडू शकते ती वर्षभराच्या मोजणीची. त्यात ओल्या सरपणाचा श्रावण, दारे लावून झोपण्याचा पौष आणि हळदीच्या भट्ट्यांचा फाल्गुन हे सगळे यावेत. स्वयंपाकघराबरोबर परस आणि बाळंतिणीची खोलीही त्यात धरावी. यंत्र बसलेल्या बाईच्या नाकाच्या उंचीवर टांगावे, आणि आलेला आकडा अहवालात जाण्याआधी तिला सांगावा. त्या आकड्यावर आधी काय बदलायचे हे ठरवण्यात तिचे मत धरले, तर वर उल्लेखलेल्या बंद पडलेल्या चुलींच्या अनुभवातून काहीतरी शिकल्यासारखे होईल.